चारशे सदुसष्ट ताटं

आमच्या लग्नाची एक्सेल शीट आत्तापर्यंत सात जणांनी मागून नेलीये आणि सातही जणांनी नंतर फोन करून एकच विचारलंय, अगं पण हे एवढ्यात बसवलंत कसं, म्हणून म्हटलं एकदाच काय ते बैजवार लिहून टाकावं. आधीच सांगते, दोन हार आणि चार सह्या असलं लग्न नव्हतं आमचं. कराडला कार्यालय होतं, हळद होती, हलगी होती, नाशिकहून दोन बस भरून वऱ्हाड आलं होतं, भटजींनी अर्धा तास मंगलाष्टकं म्हटली, सगळं यथासांग. फेब्रुवारी २०२५. सोनं सोडून सगळा खर्च साडेआठ लाखांच्या जरासा आत. ठरवला होता आठ, तर वरचे कुठे गेले तेही सांगते, त्यात चहाचा हात मोठा आहे.

मी कराडची, हा नाशिकचा, दोघंही पुण्यात नोकरीला. भेटलो ते पुण्यातच, त्यामुळे घरच्यांना सांगणं वगैरे प्रकरण वेगळंच झालं, ते इथे नको. जून २०२४ मध्ये घरच्या घरी साखरपुडा केला, चाळीस माणसं, आणि त्याच दिवशी दुपारी याद्यांना बसायचं ठरलं. आमच्याकडे याद्या म्हणजे दोन्हीकडची मोठी माणसं सतरंजीवर बसतात, एकजण वहीत लिहितो, कार्यालय कोणाचं, जेवण कोणाचं, मुलाचे कपडे कोणाचे, मानाच्या साड्या किती, आणि शेवटी खाली दोन्हीकडच्या सह्या. एरवी यात मुलीच्या बापाने एकेका ओळीला 'हो हो, करू की' म्हणायचं असतं. हुंडा वगैरे कोणी मागत नाही हो आता, कायदाच १९६१ पासून आहे, पण 'आम्हाला काही नको, फक्त लग्न तेवढं चांगलं करून द्या' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना त्या 'चांगलं'ची किंमत माहितीये.

आम्ही काय केलं, त्या वहीवर आम्ही दोघं बसलो. म्हणजे पेन माझ्या हातात. माझ्या मोठ्या काकांनी एकदा घसा खाकरून बघितलं, 'पोरगी लिहितीय व्हय यादी', पण सासरे म्हणाले लिहू दे, आणि मी पहिल्याच ओळीत लिहिलं, एकूण खर्च आठ लाख, त्यातले पाच आम्हा दोघांच्या बचतीतले, दीड इकडून, दीड तिकडून. झालं, पुढचं सगळं त्या आठच्या आत. बाबा आधी जीपीएफ मधून काढायचं म्हणत होते, रिटायरमेंटला चार वर्षं राहिलेत त्यांच्या. मी म्हटलं तुम्ही पीएफला हात लावलात तर मी सरळ रजिस्टर ऑफिसला जाते, ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, विषय संपला. ते अर्धं खरं होतं अर्धी धमकी. मामा तर म्हणालाच होता की सत्यशोधक पद्धतीने करा, आपल्या सातारा जिल्ह्यात काय ते नवीन नाही, जोतिबा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी पहिलं लग्न लावलं, ना भटजी ना खर्च. मला पटलं होतं खरंतर. पण आईच्या डोळ्यात पाणी आलं, सासूबाईंचा एकुलता एक मुलगा, म्हणून मग यथासांग, पण आठ लाखात. असा तह झाला.

आता खरा विषय, माणसं.

लोक मला विचारतात डेकोरेशन कुठून केलंस, फोटोग्राफर कितीला पडला. अहो तिथे पाच-दहा हजाराचा खेळ आहे. लग्नाचा खर्च ताटांवर चालतो. माणूस वाढला की ताट वाढतं, नाश्ता वाढतो, चहा वाढतो, गादी वाढते, बसची सीट वाढते, हॉल मोठा लागतो, मोठ्या हॉलचं स्टेज मोठं, त्याचं डेकोरेशन मोठं. आमची दोन्हीकडची पहिली यादी जोडली तेव्हा ७८० माणसं झाली. त्या हिशोबाने मी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली तर आकडा पंधरा लाखांच्या पुढे जात होता. लोकांची लग्नं एवढ्याला होतात आणि मग तीन वर्षं पर्सनल लोनचे हप्ते जातात, माझ्याच ऑफिसात दोन जण आहेत, हनिमूनचे फोटो जुने झाले पण हप्ता चालूच.

यादी कमी करायला बसलो आणि आईने कपाटातून तिची आहेराची वही काढली. मे १९९४, आईबाबांच्या लग्नातली. लाल पुठ्ठ्याची, कडा उंदराने कुरतडलेली, आत माझ्या आत्याचं अक्षर. 'रु. ५१ व पितळी तांब्या.' 'रु. २१.' 'स्टीलचा डबा, मोठा, झाकण सैल.' झाकण सैल हेसुद्धा लिहून ठेवलंय आत्याने! आणि प्रत्येक नावापुढे आईने नंतर वेगळ्या शाईने बारीक अक्षरात लिहिलेलं, यांच्या मुलीला २००३ मध्ये साडी दिली, यांच्याकडे वास्तुशांतीला १०१ दिले. म्हणजे ती वही नव्हतीच, ती बँकेचं पासबुक होती तीस वर्षांची. आईचं म्हणणं एवढंच की ज्यांनी आपल्याला दिलंय त्यांना बोलवायचं नाही का? मी हसले, मग तिचा चेहरा बघून गप्प बसले. तिच्या दृष्टीने ते कर्ज होतं आणि हे फेडायची शेवटची संधी, कारण मी एकटीच मुलगी.

मग दोन रविवार आम्ही दोघी ती वही घेऊन बसलो. नावं खोडायची नाहीत असं ठरलं, नुसते रकाने करायचे. पहिला, घरी जाऊन पत्रिका द्यायची. दुसरा, फोन आणि व्हॉट्सअपवर पत्रिका. तिसरा रकाना आईनेच सुचवला, लग्नानंतर पेढे घेऊन जायचे. ज्यांच्याशी आता येणंजाणं उरलेलं नाही पण वहीत नाव आहे अशी घरं. पावशेर कंदी पेढ्यांचा बॉक्स १३० रुपयाला पडला. एक घर लग्नाला आलं असतं तर चार ताटं धरा, ३८० प्रमाणे दीड हजाराच्या वर. अशी ९० घरं निघाली दोन्हीकडची. ९० बॉक्सला ११,७०० लागले, आणि गंमत म्हणजे लग्नात ज्यांच्याशी 'जेवून जा हं' एवढंच बोलणं झालं असतं त्यांच्या घरी आईबाबा जाऊन तासभर बसून आले. एका घरी तो पितळी तांब्या देणाऱ्या आजी अजून आहेत, त्यांनी आईला ओटी भरून पाठवलं. आई महिनाभर तेच सांगत होती.

नाशिककडून काका (म्हणजे सासरे, तेव्हा काकाच म्हणायचे मी) तीन बस म्हणत होते. त्यांना यादी वगैरे भानगड मान्य नव्हती, त्यांचं म्हणणं लोक नाराज होतात. तिथे याच्या आत्याने एका वाक्यात काम केलं, म्हणाली कराड इथून पावणेचारशे किलोमीटर आहे, तिसऱ्या बसमध्ये बसणार कोण तू सांग. दोन बस, ७६ हजार मुक्कामासकट. यात वारही कामाला आला. आम्ही गुरुवारचा मुहूर्त घेतला. रविवारचा पण होता पुढच्याच आठवड्यात, कार्यालयवाला त्याच हॉलचे रविवारी चाळीस हजार जास्त सांगत होता. गुरुवारी ठेवलं की हॉल स्वस्त पडतो आणि ज्यांना मुळात यायचंच नसतं त्यांनाही 'सुट्टी नाही गं मिळाली' म्हणायची सोय होते. दोन्हीकडे समाधान.

कार्यालयाचं भाडं ८५ हजार, बुधवार दुपारपासून गुरुवार संध्याकाळपर्यंत. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एक लाख तीनशे. पक्कं बिल नको असेल तर जीएसटीचे वाचतील असं मॅनेजर हळूच म्हणाला. आम्ही पक्कं घेतलं, का ते पुढे येईल. भाड्याच्या खाली बारीक अक्षरात जे असतं ते वाचा प्लीज, लाईट मीटरप्रमाणे, जनरेटरचं डिझेल वेगळं, साफसफाई वेगळी, गाद्या नगावर. आमचे त्यात १४ हजार गेले. आणि एक मजा, मॅनेजरने सहा हजार रुपये म्युझिक लायसनचे मागितले, गाणी वाजवणार ना तुम्ही हळदीला, मग भरावेच लागतात. याने आधीच वाचून ठेवलं होतं, कॉपीराइट कायद्याचं कलम ५२, त्यात लग्नातल्या कार्यक्रमांना, वरातीला सूट आहे सरळसरळ. मोबाईलवर काढून दाखवलं. मॅनेजर म्हणाला बरं बरं, सगळेच देतात म्हणून म्हटलं. सगळेच देतात! (हळदीला गाणी दहाला बंद केली मात्र, तो नियम आहे आणि शेजारी दवाखाना होता.)

जेवणाचं मी जरा जास्त सांगणार आहे.

पुण्यातल्या एका केटररने बुफेचा दर ५२० सांगितला, चाट काउंटर, पास्ता, दोन पनीर, मॉकटेल, तीन गोड. कराडच्या आचाऱ्याने पंगतीचा ३८०, वाढपी धरून. वाढपी असूनही पंगत स्वस्त कशी असं मला वाटलं होतं, तर ते म्हणाले ताई, बुफेत माणूस डोळ्यांनी जेवतो, पंगतीत पोटानं. प्लेट भरून घेतात नि टाकतात, ते टाकलेलं पण तुमच्याच दरात धरलेलं असतंय. मेनू काय, पुरी, बटाट्याची भाजी, अख्खा मसूर, मसालेभात, मठ्ठा, कोशिंबीर, भजी, जिलबी, वरणभात तूप. अख्खा मसूर लग्नाच्या ताटात म्हटल्यावर सासूबाईंनी तोंड वाकडं केलं होतं, लग्नात मसूर? पण आमच्या कराड-इस्लामपूर पट्ट्यात अख्खा मसूर म्हणजे काय ते नाशिककरांना त्या दिवशी कळलं, दुसऱ्यांदा सगळ्यात जास्त तोच मागितला गेला, आणि त्यांच्याकडच्या एका मामांनी आचाऱ्याला गाठून रेसिपी विचारली, जी त्याने अर्थातच अर्धी सांगितली.

आचाऱ्याला कमीत कमी ५०० ताटांची गॅरंटी हवी होती, म्हणजे माणसं कमी आली तरी ५०० चे पैसे. घासाघीस करून ४०० वर आणलं, वर होतील तेवढी त्याच दराने. पाच वर्षांखालची पोरं धरायची नाहीत, फोटोवाले, बसचे ड्रायव्हर, हलगीवाले यांची ताटं निम्म्या दराने असं सांगून बघितलं, ते नाही म्हणाले, माणूस जेवतोय ना पूर्ण. बरोबरच होतं त्यांचं, पूर्ण दराने धरली. हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. आचारी हसले, पहिल्यांदाच कोणीतरी सही मागितली म्हणे.

आणि मग माझा आत्येभाऊ. अकरावीला आहे, गणितात बरा, त्याला मी सांगितलं की तुझं लग्नातलं काम एकच, प्रत्येक पंगत बसली की ताटं मोजायची आणि आचाऱ्याच्या माणसाला शेजारी उभं करून लिहायची. त्याने शाळेची छोटी वही घेतली. हॉलमध्ये टेबलांच्या आठ रांगा, एका रांगेत बारा, म्हणजे भरलेल्या पंगतीला ९६. चार पंगती भरल्या. पाचवीत ८३. प्रत्येक पंगतीखाली त्याची आणि त्या सुपरवायझरची सही, वेळ टाकून. १२.५०, १.२५, २.०५ असं. संध्याकाळी हिशोबाला बसलो तेव्हा आचाऱ्यांचा हिशोबनीस म्हणाला साधारण ५४० धरू या. पोराने वही पुढे केली. ४६७. फरक ७३ ताटांचा, २७,७४० रुपये. तिथे भांडण झालं नाही हे मला आवर्जून सांगायचंय, हिशोबनिसाने वही बघितली, स्वतःच्या माणसाच्या सह्या बघितल्या, म्हणाला बरोबर आहे, आणि पैसे घेतले. त्यांना फसवायचं होतं असं मला वाटत नाही, गर्दीत अंदाजच सांगतात आणि अंदाज कधी खालच्या बाजूला चुकत नाही एवढंच. त्या पोराला आम्ही सायकल घेऊन दिली, ती शीटमध्ये धरलेली नाही.

आता चहा. चहाचं आम्ही कोणीच काही ठरवलं नव्हतं, 'जसा लागेल तसा' असं बाबा म्हणाले होते, कपाला १२ रुपये. बुधवारी दुपारी पाहुणे उतरले तेव्हापासून गुरुवारी बस सुटेपर्यंत चहा चालू. सकाळी साडेपाचला एक फेरी, सातला एक, नाश्त्याला एक, मुहूर्ताआधी एक, हळदीच्या रात्री तर एक वाजता कोणीतरी मागवलाय. ११४० कप! तेरा हजार सहाशे ऐंशी. जिथे आम्ही ताटं मोजली तिथे कप मोजायला कोणी नव्हतं, आणि असता तरी चहाला नाही कोण म्हणणार. कोठीवर जो चुलतकाका बसवला होता, त्याला सामान सांभाळायला ठेवला होता, तोच म्हणे सगळ्यात जास्त फर्मान सोडत होता. ज्यांचं पुढे आहे त्यांनी चहाचे थर्मास ठरवून घ्या, किती फेऱ्या ते.

सोन्याचं वेगळं बोलते कारण ते शीटमध्ये नाही. आईने माझ्यासाठी सात-आठ वर्षं भिशी लावलेली, त्यातून साडेतीन तोळे करायचे होते, मंगळसूत्र आणि दोन बांगड्या. बाबा म्हणत होते थांबू, भाव उतरेल. मला यातलं काही कळत नाही, पण २३ जुलै २०२४ च्या बजेटमध्ये सोन्यावरची कस्टम ड्युटी १५ वरून ६ टक्क्यांवर आली आणि भाव एका दिवसात खाली आला, तेव्हा आईने फोन करून सांगितलं शनिवारी ये. बावीस कॅरेट ग्रॅमला साडेसहा हजारांच्या आसपास होतं. पुढे २०२५ मध्ये भाव कसा चढला ते सगळ्यांना माहितीये, ते नशीब, हुशारी नाही. हुशारी मजुरीत. पहिल्या दुकानात घडणावळ १४ टक्के, दुसऱ्यात ९, डिझाईन जवळजवळ तेच. साडेतीन तोळ्यावर पाच टक्के म्हणजे अकरा हजारांच्या वर. आणि पहिल्या दुकानातली ती सेल्सगर्ल भाव सांगताना फक्त ग्रॅमचा दर सांगायची, मजुरी विचारली की 'मॅडम ते ऑफरमध्ये आहे'. ऑफरमध्ये आहे म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. बांगडीला खडे होते, तर खड्यांचं वजन वजा करून सोन्याचं निव्वळ वजन बिलावर लिहून घेतलं. हॉलमार्कवर सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी असतो, १ एप्रिल २०२३ पासून तो असल्याशिवाय विकताच येत नाही, बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की दागिना कसला, किती शुद्ध ते येतं. दुकानात उभं राहून टाकला. लाज नाही वाटायची.

कपड्यात मी एकच हट्ट केला. पैठणी. त्याच्यासाठी सासूबाईंबरोबर येवल्याला गेले, आमचा दोघींचा एकत्र पहिला प्रवास, मला धाकधूक, काय बोलायचं. पुण्यात एका शोरूममध्ये २४ हजाराला पैठणी म्हणून एक दाखवली होती, मला आवडलीही होती. सासूबाईंनी येवल्यात एका विणकराच्या घरी मागावरची साडी हातात घेतली आणि पदर उलटा केला. म्हणाल्या बघ. मोर मागूनही तसाच, पुढून तसाच, एक सुटा धागा नाही. मग मला मोबाईलवरचा पुण्याच्या साडीचा फोटो काढायला लावला, मी मागची बाजूही काढून ठेवली होती, तिथे सगळे धागे लोंबत होते, कातरलेले. सेमी आहे ती, मशीनची, पाच-सहा हजाराच्या वर देऊ नये, म्हणाल्या. हातमागाची २८ हजाराला घेतली. बाकी मग शालू नाही घेतला, रिसेप्शनचा लेहंगा पुण्यातून साडेसहा हजार भाड्याने, याची शेरवानी चार हजार भाड्याने. त्या शेरवानीच्या खिशात आधीच्या नवरदेवाच्या अक्षता निघाल्या.

मानाच्या साड्यांवरून मात्र कडाक्याचं भांडण झालं, खोटं कशाला बोलू. इकडून ३४ आणि तिकडून २८ अशा ६२ साड्यांची यादी होती. सगळ्यांना माहितीये की या साड्या कोणी नेसत नाही, त्या फिरतात. आमच्या घरी एक मोरपंखी साडी दोनदा येऊन गेलीये, आईने तिच्या घडीत पेन्सिलने खूण केलेली. मी म्हटलं एकदम बंद. आईही नाही म्हणाली, सासूबाईही, त्या दिवशी दोघी एका बाजूला आणि आम्ही दोघं एका बाजूला. शेवटी सख्ख्या नात्यातल्या १५ जणींना नेसण्यासारखी, सुती, तीन-तीन हजारापर्यंतची, रंग ज्याचा त्याला विचारून. ४५ हजार झाले. संख्या कमी झाली, पैसे फार नाही वाचले, पण त्यातल्या चार तरी मी नंतर लोकांच्या अंगावर बघितल्या. पत्रिकेवर आहेर आणू नये छापलं होतं, तरी पाकिटं आलीच, आई एका कोपऱ्यात बसून नव्या वहीत लिहीत होती. तिला अडवण्यात अर्थ नव्हता.

डेकोरेशनला एक जमलं. कार्यालयाच्या मॅनेजरला विचारलं की शुक्रवारी कोणाचं लग्न आहे, त्यांचा डेकोरेटर तोच निघाला, मग त्या लोकांना फोन करून विचारलं की स्टेजची फ्रेम आणि कापड एकच ठेवू या का, फुलं आपापली. ते बिचारे तयारच. ७८ चं ४८ हजारावर आलं. प्री-वेडिंग शूट केलं नाही, ४५ हजार सांगत होते दोन लोकेशनचे. एका संध्याकाळी प्रीतिसंगमावर गेलो, भेळ खाल्ली, मावसबहिणीने फोनवर फोटो काढले. त्यात एक आहे, मागे कृष्णा-कोयनेचं पाणी आणि याच्या शर्टवर चिंचेची चटणी सांडलेली, तोच मोठा करून हॉलच्या दारात लावला. लग्नाच्या फोटोंना मात्र ९५ हजार दिले, तिथे हात आखडला नाही. फक्त अल्बमची पानं आधी ठरवून घ्यायला हवी होती, साठ फोटो निवडा म्हणाले आणि नंतर पानागणिक पैसे, आमची बारा पानं वाढली, त्याचे आम्ही दिले नाहीत, अल्बम छोटाच घेतला. राहिलेले पेनड्राइव्हमध्ये.

पैसे वाचवायच्या नादात एक चूक झाली ती सांगायलाच हवी. मेकअपवाली ट्रायलचे पंधराशे वेगळे मागत होती, मी म्हटलं काय गरज आहे. मुहूर्ताच्या सकाळी तिने मला असं पांढरं केलं की आजीने ओळखलं नाही, थांबून विचारलं नवरी कुठाय. पुसून परत करण्यात पाऊण तास गेला, मुहूर्त गाठला तो धावत. पंधराशे द्या.

लग्न नोंदणीचं पण लक्षात ठेवा, ९० दिवसांच्या आत केलेली बरी. फॉर्मवर भटजींची सही लागते, तीन साक्षीदार लागतात, आणि भटजी सीझनमध्ये सापडत नाहीत. आमचे भटजी एकदा पाटणला होते, एकदा कोल्हापूरला, शेवटी एका लग्नाच्या मांडवात, अंतरपाट धरायच्या आधी, त्यांच्या गुडघ्यावर कागद ठेवून सही घेतली. त्या घरच्यांनी आम्हाला जेवून जा म्हटलं. आम्ही जेवलो, दोन ताटं वाढली त्यांची.

शीटमध्ये आता एकच ओळ पिवळी राहिलीये. कार्यालयाचं दहा हजाराचं डिपॉझिट. लग्नानंतर आठवड्यात देतो म्हणाले होते. पक्कं बिल, पावती सगळं आहे, म्हणून तर घेतलं होतं. दर सोमवारी मी अकराच्या टी-ब्रेकला मॅनेजरना फोन करते, ते दर सोमवारी शेठ गावाला गेलेत म्हणतात. हा म्हणतो सोड आता, किती फोन करशील. मी नाही सोडणार. आता ते काम बाबांकडे दिलंय, ते तसेही रोज सकाळी तिकडूनच फिरायला जातात, म्हणाले मी आत जाऊन नुसता बसतो, पेपर वाचतो त्यांचा. कालपासून सुरू केलंय. चहा देतात म्हणे.